हॅशसेटमध्ये ऑब्जेक्ट दिसतो, तरी कंटेन्स 'नाही' म्हणतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बस आरक्षणाचा एक छोटा प्रोग्राम जावात लिहिलाय. 'आसन' नावाच्या क्लासमध्ये बस क्रमांक, आसन क्रमांक आणि 'आरक्षित' हे बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) अशी तीन फील्ड आहेत. विकलेली आसनं हॅशसेटमध्ये, म्हणजे सारखा घटक दोनदा न घेणाऱ्या संचात, ठेवली आहेत. इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते सांगणारी मेथड) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढणारी मेथड) इंटेलिजे या कोड एडिटरकडून लिहून घेतले, सगळ्या फील्डवर टिक ठेवून. तरी 'हे सेटमध्ये आहे का' ते सांगणारा कंटेन्स कधी ट्रू देतो, कधी फॉल्स. सेट प्रिंट केला तर आसन त्यात स्पष्ट दिसतं. तिकीट रद्द केलं की तेच आसन पुन्हा सापडायला लागतं. आणि सेटमधला माल नव्या हॅशसेटमध्ये ओतला की रद्द न करताही सापडतं. शेवटी विचारलंय: हा जावाच्या हॅशसेटमधला बग आहे का?

नाही. हॅशसेट सांगितलेलं काम चोख करतोय. तुमच्या इक्वल्स-हॅशकोडमध्येसुद्धा सुटं पाहिलं तर काही चुकलेलं नाही, दोघं एकमेकांशी सुसंगत आहेत. म्हणूनच हा घोटाळा लवकर हाती लागत नाही. खरी अडचण अशी की आसनाची ओळख कशावरून ठरते हे या क्लासने ठरवलेलंच नाही. बस क्रमांक आणि आसन क्रमांक ही ओळख. 'आरक्षित' ही त्या घडीची अवस्था. दोन्हींची एकाच हॅशमध्ये खिचडी झाली आहे.

तुम्ही कॉपीची खूण सांगितलीत ते फार बरं झालं, कारण निदान तिथेच होतं. हॅशकोड लिहायचा राहिला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. तोच ऑब्जेक्ट हातात असेल तर तो कायम सापडला असता, आणि त्याच आकड्यांचा दुसरा ऑब्जेक्ट बनवून विचारलं असतं तर जवळजवळ कधीच सापडला नसता. नव्या सेटमध्ये ओतूनही फरक पडला नसता. कॉपी केल्यावर सापडतो याचा एकच अर्थ: सेटमध्ये टाकताना ऑब्जेक्टचा हॅश एक होता, शोधताना दुसरा आहे. खात्री करायची असेल तर ॲडच्या आधी एकदा आणि कंटेन्सच्या आधी एकदा हॅशकोड प्रिंट करा. दोन आकडे वेगळे आले की पुढे काही शोधायला नको.

आता हे आकड्यांत बघू, कारण एकदा हाताने केलं की पुन्हा विसरत नाही. बस ७, आसन १२, आरक्षित फॉल्स. ऑब्जेक्ट्स.हॅश ही मेथड १ पासून सुरू करते आणि प्रत्येक फील्डसाठी आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून त्या फील्डचा हॅश मिळवते. ३१ अधिक ७ म्हणजे ३८. ३८ गुणिले ३१ अधिक १२ म्हणजे ११९०. बूलियनचे हॅश ठरलेले आहेत: ट्रूचा १२३१, फॉल्सचा १२३७. ११९० गुणिले ३१ म्हणजे ३६८९०, त्यात १२३७ मिळवले की ३८१२७. हा झाला टाकतानाचा हॅश. नंतर तुम्ही 'आरक्षित' ट्रू केलंत, आणि हॅश झाला ३८१२१.

हॅशसेटच्या पोटात हॅशमॅपच (किल्लीवरून व्हॅल्यू शोधून देणारी रचना) असतो. काही न सांगता बनवला तर पहिला घटक टाकताना त्याच्यात १६ कप्पे तयार होतात. कप्पा ठरवताना आधी हॅशचे वरचे १६ बिट खालच्या १६ बिटांत एक्सऑरने मिसळतात. आपला आकडा ६५५३६ पेक्षा लहान असल्याने इथे त्याचा परिणाम शून्य. मग खालचे चार बिट घेतात, म्हणजे १६ ने भागून उरणारी बाकी. ३८१२७ ची बाकी १५, ३८१२१ ची बाकी ९. आसन बसलंय १५ व्या कप्प्यात आणि तुम्ही शोधताय ९ व्यात. प्रिंट करताना सगळे कप्पे ओळीने पालथे घातले जातात, म्हणून तिथे ते दिसतं. तिकीट रद्द केलं की 'आरक्षित' पुन्हा फॉल्स, हॅश पुन्हा ३८१२७, कप्पा पुन्हा १५. सापडलं.

आता याच्यावरची कडी. तुम्ही म्हणाल, मग नवा 'आसन' बनवतो, बस ७, आसन १२, आरक्षित फॉल्स, आणि त्याने विचारतो. हॅश तर ३८१२७ च येईल. येईल, कप्पाही बरोबर लागेल, तिथला नोंदवलेला हॅशही जुळेल. पण मग इक्वल्स चालेल, आत बसलेल्याचं 'आरक्षित' ट्रू आणि नव्याचं फॉल्स, म्हणून उत्तर पुन्हा फॉल्स. जुन्या रूपाने विचारलं तर इक्वल्स अडवतो, नव्या रूपाने विचारलं तर हॅश अडवतो. त्या आसनापर्यंत जायचा एकही रस्ता उरत नाही. रिमूव्हही फॉल्स देतो. साइझ मात्र त्याला मोजत राहतो. आणि तेच आसन पुन्हा ॲड केलंत तर सेटमध्ये दोन सारखे घटक बसतात. तुमच्या प्रोग्रामच्या भाषेत, एकच सीट दोघांना विकली जाते.

'घटक वाढले की टेबल मोठं होतं, तेव्हा आपोआप दुरुस्त होईल' हा आणखी एक समज. होत नाही. लोड फॅक्टर (टेबल किती भरलं की वाढवायचं ते प्रमाण) ०.७५ असल्यामुळे १६ कप्प्यांचं टेबल १३ वा घटक येताच ३२ चं होतं हे खरं, पण तेव्हा हॅशकोड नव्याने विचारला जात नाही. हॅश एकदा काढून प्रत्येक घटकाच्या नोंदीत (नोडमध्ये) साठवलेला असतो आणि वाटणी त्याच जुन्या आकड्यावर होते. त्याच साठवलेल्या आकड्यामुळे, जुना आणि नवा हॅश योगायोगाने एकाच कप्प्यात आले तरी घटक सापडत नाही: इक्वल्सकडे जाण्याआधी पूर्ण हॅश ताडून पाहिला जातो. नव्या सेटमध्ये ओतताना मात्र प्रत्येक घटक नव्याने ॲड होतो, म्हणून तिथे हॅश ताजा लागतो.

उपाय. जावा १६ किंवा पुढचं वापरत असाल तर मी दुसरं काही सुचवणार नाही: ओळखीसाठी वेगळं रेकॉर्ड (फक्त डेटा धरून ठेवणारा क्लास) करा. रेकॉर्ड आसनकिल्ली, त्यात इंट बस आणि इंट आसन, बस इतकंच. त्याचे इक्वल्स, हॅशकोड आणि टूस्ट्रिंग कंपायलर पुरवतो, फील्ड फायनल असतात, सेटर नसतात. मग सेट सोडा आणि हॅशमॅप घ्या: किल्ली 'आसनकिल्ली', व्हॅल्यू 'आरक्षण'. प्रवाशाचं नाव, भाडं, स्थिती, जे बदलू शकतं ते सगळं व्हॅल्यूत. व्हॅल्यू कितीही बदला, मॅपला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

इथे एक प्रश्न तुम्हाला स्वतःला विचारावा लागेल, त्याचं उत्तर कोडमध्ये नाही, धंद्यात आहे. बस ७ चं आसन १२ एवढी ओळख पुरते का? बस रोज धावत असेल तर १४ तारखेचं आसन १२ आणि १५ तारखेचं आसन १२ ही दोन वेगळी आसनं आहेत. मधल्या थांब्यांवर चढउतार असेल, तर पुणे ते कऱ्हाड आणि पुढे कऱ्हाड ते कोल्हापूर अशी एकच सीट दोघांना रीतसर विकता येते, तेव्हा टप्पाही ओळखीत हवा. तारीख घालायची तर लोकलडेट घाला. जुना युटिलमधला डेट नको, त्याला सेटटाइम आहे; म्हणजे किल्लीच्या आतला भाग बदलता येतो आणि आपण पुन्हा पहिल्या खड्ड्यात.

जावा ८ किंवा ११ वर अडकला असाल तर तीच गोष्ट हाताने करा. क्लास फायनल, ओळखीची फील्ड प्रायव्हेट फायनल, सेटर नाहीत, इक्वल्स-हॅशकोड फक्त त्या फील्डवर. 'आसन' क्लास मोडायचाच नसेल तर निदान इंटेलिजेच्या त्या खिडकीत 'आरक्षित' वरची टिक काढा आणि उरलेली दोन फील्ड फायनल करा. हे रेकॉर्डइतकं स्वच्छ नाही, कारण उद्या कोणीतरी चौथं फील्ड घालून दोन्ही मेथड पुन्हा जनरेट करेल. पण आजचा बग जाईल. 'बदलायच्या आधी सेटमधून काढायचं, बदलायचं, परत टाकायचं' हा सल्लाही दिला जातो. चालतो, पण प्रत्येक बदलाच्या जागी हे लक्षात ठेवावं लागतं, आणि एका ठिकाणी विसरलं की चूक महिनोन्‌महिने गप्प बसते. मी तो वापरत नाही.

इक्वल्स हाताने लिहिताना पॅरामीटरचा टाइप ऑब्जेक्ट हवा. 'आसन' टाइप दिला तर ते ओव्हरराइड होत नाही (मूळ मेथडची जागा घेत नाही), ओव्हरलोड होतं (त्याच नावाची दुसरी मेथड बनते). तुम्ही थेट कॉल केलात तर चालतं आणि हॅशसेट मात्र आतून मूळ ऑब्जेक्टवाला इक्वल्सच बोलावतो. वर ॲट ओव्हरराइड लिहिलं की कंपायलर लगेच पकडतो, म्हणून ते ऐच्छिक समजू नका. आत पहिली तपासणी 'धिस'शी संदर्भ जुळतो का (म्हणजे दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का), मग इन्स्टन्सऑफ ही टाइपची तपासणी, ज्यात नल आपोआप गळतो, मग फील्ड. इंट, लाँग, बूलियन यांना दुहेरी बरोबरचं चिन्ह. फ्लोट-डबलला फ्लोट.कंपेअर आणि डबल.कंपेअर. ॲरेला ॲरेज.इक्वल्स. बाकी सगळ्याला ऑब्जेक्ट्स.इक्वल्स, म्हणजे नलची काळजी मिटते. हॅशकोडमध्ये इक्वल्समधलीच फील्ड घ्या. त्यांतली काही गाळली तर चालतं, फक्त टक्कर (वेगळ्या ऑब्जेक्टचा हॅश सारखा येणं) वाढते. इक्वल्समध्ये नसलेलं एक जरी हॅशमध्ये आलं तर 'सारख्या ऑब्जेक्टचा हॅश सारखाच' हा करार मोडला.

हॅश सारखा म्हणजे ऑब्जेक्ट सारखा, असं समजून इक्वल्समध्ये दोन हॅशकोडची तुलना करणारा कोड अधूनमधून दिसतो. वर आपण बस ७, आसन १२ साठी दोन फील्डनंतर ११९० काढले. आता बस ६, आसन ४३ करून बघा: ३१ अधिक ६ म्हणजे ३७, गुणिले ३१ म्हणजे ११४७, अधिक ४३ म्हणजे ११९०. तोच आकडा. तसा इक्वल्स असलेल्या प्रोग्राममध्ये सहा नंबरच्या गाडीची शेवटच्या रांगेतली सीट विकली की सातची बारावी सीट भरलेली दाखवेल.

इंट ऐवजी इंटिजर (आकडा पोटात ठेवणारा ऑब्जेक्ट) फील्ड असेल तर दुहेरी बरोबर वापरू नका. जावा -१२८ ते १२७ या इंटिजरचे ऑब्जेक्ट साठवून ठेवते आणि तेच परत देते, म्हणून त्या पट्ट्यात संदर्भाची तुलनाही बरोबर उत्तर देते. बसचे आसन क्रमांक १२७ च्या पुढे जाणार नाहीत, त्यामुळे तिथे हा दोष कधीच दिसणार नाही. तोच कोड तिकीट क्रमांकाला लावला की १२७ पर्यंत गाडी सुरळीत, १२८ पासून घसरण.

स्ट्रिंग किल्ली असेल तर जरा थांबून वाचा, कारण मराठी डेटावर काम करणाऱ्यांना हा भाग हमखास नडतो. समजा भाड्याच्या तक्त्याची किल्ली थांब्याचं नाव आहे, आणि थांबा आहे कऱ्हाड. त्यातला 'ऱ्ह' तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एक, युनिकोडमधलं स्वतंत्र ऱ हे अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. स्ट्रिंगचा इक्वल्स त्यांना तीन वेगळी गावं मानतो. एक्सेल एका कीबोर्डवर भरलेली आणि वेब फॉर्म दुसऱ्यावर, की झालंच.

पहिले दोन नॉर्मलायझर क्लासच्या एनएफसी रूपाने (युनिकोडच्या एका प्रमाणित रूपाने) एक होतात. तिसरा होत नाही, एनएफसी जॉइनरला हात लावत नाही. तो स्वतः बदलावा लागतो: र, हलन्त, जॉइनर असा क्रम दिसला की त्या जागी ऱ आणि हलन्त. त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढा. क्रम उलटा केलात, आधी सगळे जॉइनर उडवलेत, तर 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होतं, आणि 'दऱ्या' आणि 'दर्या' एक होऊन बसतात. दाखवायचं नाव मूळ आहे तसं वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. ही धुलाई फक्त किल्लीची.

मागेपुढे असलेल्या मोकळ्या जागेसाठी जावा ११ पासून स्ट्रिप आहे. तो नॉन-ब्रेकिंग स्पेस काढत नाही हे मात्र ध्यानात असू द्या. वेबपानावरून चिकटवलेल्या यादीत तो असतोच, आणि डोळ्यांना साध्या स्पेससारखा दिसतो. तो आधी साध्या स्पेसमध्ये बदला, मग स्ट्रिप करा. इंग्रजी नावं लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता जुळवायची असतील, तर इक्वल्समध्ये इग्नोअरकेस आणि हॅशकोडमध्ये मूळ स्ट्रिंग, असं करू नका. इंग्रजीत लिहिलेलं 'पुणे' लहान अक्षरांत आणि मोठ्या अक्षरांत इक्वल्सला सारखं आणि हॅशला वेगळं, म्हणजे करार मोडलाच. टूलोअरकेस करताना लोकेल.रूट (कुठल्याही एका भाषेला न बांधलेले नियम) द्या, डीफॉल्ट लोकेल तुर्की असलेल्या मशीनवर 'आय' या अक्षराचं रूप बदलतं.

ही सगळी साफसफाई करायची जागा एकच: रेकॉर्डचा कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टर. ऑब्जेक्ट जन्मतानाच स्वच्छ झाला की पुढे कुणालाही काही लक्षात ठेवायला नको. नल आला तर तिथेच रिक्वायरनॉननलने फेका. यादी असेल तर लिस्ट.कॉपीऑफ, नाहीतर बाहेरचा कुणीतरी ती यादी वाढवेल आणि हॅश पुन्हा सरकेल. रेकॉर्डमध्ये ॲरे ठेवू नका, त्याची तुलना मजकुरावर होत नाही, संदर्भावर होते.

भाडं किल्लीत येऊ नये हे वर आलंच. तरी कुठे बिगडेसिमलची (नेमक्या दशांश आकड्यांच्या टाइपची) तुलना करावी लागली तर २५०.० आणि २५०.०० हे त्याच्या इक्वल्सला वेगळे आहेत, कारण तो दशांश स्थळंही मोजतो. कंपेअरटू मात्र शून्य देतो. सेटस्केल(२) करून ठेवा. राउंडिंग मोड न देता केलंत तर पैशाच्या खालचा अंश असलेली रक्कम आल्यावर अरिथमॅटिक एक्सेप्शन येतं. मला ते यायला हवंच असतं, गुपचूप गोळाबेरीज झालेली नको.

उद्या 'स्लीपर आसन' हा उपक्लास करून त्यात वरचा-खालचा बर्थ घालायचा मोह होईल. इन्स्टन्सऑफ वापरलेला मूळ क्लास म्हणेल 'हो, सारखं', उपक्लास म्हणेल 'नाही'. उत्तर कोणाला विचारलं यावर ठरायला लागलं की सेटमधली वागणूक टाकण्याच्या क्रमावर अवलंबून राहते. गेटक्लासने (क्लास तंतोतंत तोच आहे का हे बघून) हे टळतं, पण वारशाचा अर्धा फायदाही जातो. ओळखीचे क्लास फायनल ठेवा आणि बर्थ हे वेगळं फील्ड करा. रेकॉर्ड तर मुळातच फायनल असतं.

जेपीए किंवा हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या तक्त्यात साठवायची साधनं) असेल तर वरचा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. एंटिटीचा (तक्त्यातल्या ओळीशी जोडलेल्या ऑब्जेक्टचा) आयडी डेटाबेस देतो, म्हणजे सेव्ह होण्याआधी तो नल असतो. हॅश आयडीवर काढला आणि सेव्ह करण्याआधी ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकला, की सेव्ह झाल्याक्षणी तोच तमाशा. इथे दोन वाटा आहेत. कन्स्ट्रक्टरमध्येच यूयूआयडी (जवळजवळ कधीच पुन्हा न येणारी ओळख) देऊन त्यावर दोन्ही मेथड लिहा. नवा तक्ता असेल तर मी हेच करतो. जुना ऑटो-इन्क्रिमेंटचा तक्ता असेल तर इक्वल्स आयडीवर, पण आयडी नल नसेल तरच. नाहीतर दोन न साठवलेली आसनं एकमेकांशी सारखी ठरतात. आणि हॅशकोड एक स्थिर आकडा. याने सगळे घटक एकाच कप्प्यात जातात. एका बसच्या चाळीस-पन्नास सीटना ते कळतही नाही, पण दहा हजारांचा सेट कराल तर रेंगाळेल. जावा ८ पासून एका कप्प्यात आठच्या वर घटक गेले आणि टेबल निदान ६४ चं असलं की साखळीचं झाड होतं; पण हॅश सगळ्यांचा सारखाच आणि क्लास कंपेअरेबल नाही, अशा वेळी त्या झाडाचाही उपयोग होत नाही. तुलना करताना गेटक्लासऐवजी इन्स्टन्सऑफ, आणि समोरच्याचं फील्ड थेट न वाचता गेटरने वाचा: समोरचा हायबरनेटचा प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा केलेला बदली) असू शकतो, त्याचा क्लास वेगळा असतो आणि त्याची फील्ड नल असतात. लोंबोक या कोड लिहून देणाऱ्या लायब्ररीचं ॲट डेटा एंटिटीवर लावू नका. ते सगळी फील्ड घेतं, आणि बस आसनांकडे, आसन बसकडे बोट दाखवत असलं की हॅशकोड एकमेकांना बोलावत स्टॅकओव्हरफ्लो करतात.

ट्रीसेटकडे (घटक क्रमाने ठेवणाऱ्या सेटकडे) वळायचा विचार असेल तर तो इक्वल्स बघतच नाही, कंपेअरटू किंवा दिलेला कंपेरेटर बघतो. फक्त आसन क्रमांकावर लावलात तर बस ९ चं आसन १२ 'आधीच आहे' म्हणून एरर न देता गळून जाईल. कंपेरिंगइंटने बस, देनकंपेरिंगइंटने आसन. वजाबाकी करून तुलना नको, टोकाच्या आकड्यांना इंट ओव्हरफ्लो होतो.

टेस्टमध्ये हे सुटलं कारण टेस्टने जो ऑब्जेक्ट टाकला तोच, न बदलता, शोधला. दोन टेस्ट घाला. एकीत टाकायचा एक ऑब्जेक्ट आणि शोधायचा न्यूने बनवलेला दुसरा. दुसरीत टाकून झाल्यावर जेवढे सेटर आहेत तेवढे सगळे चालवा आणि मग शोधा. हाताने लिहिलेल्या क्लासना इक्वल्सव्हेरिफायर ही लायब्ररी लावा. बदलता येणारं फील्ड हॅशमध्ये आलेलं असेल तर ती तक्रार करते.

हे सगळं केल्यावरही एकच सीट दोघांना विकली जाण्याची एक वाट उरते, तिचा इक्वल्सशी संबंध नाही. आधी कंटेन्स विचारायचं आणि मग ॲड करायचं, यामध्ये दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) शिरू शकतो. हॅशमॅप एकाहून जास्त थ्रेडसाठी बनलेलाही नाही. कॉन्करंटहॅशमॅप घ्या आणि पुटइफअबसेंट ('नसेल तरच टाक') वापरा. नल परत आला तर सीट तुमची, काही परत आलं तर कुणीतरी आधी घेतली. प्रोग्रामच्या दोन प्रती दोन मशीनवर चालत असतील तर मेमरीतला कुठलाच मॅप पुरणार नाही. तक्त्यावर तारीख, बस आणि आसन या तिघांचा मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा) लावा, थेट इन्सर्ट करा, आणि आदळलं तर प्रवाशाला दुसरी सीट दाखवा. टप्प्याटप्प्याने विक्री असेल तर एका प्रवासासाठी दर टप्प्याला एक ओळ घाला, सगळ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही), आणि इंडेक्समध्ये टप्पा क्रमांकही घ्या. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आदळल्याचा एसक्यूएलस्टेट (एररचा सांकेतिक क्रमांक) २३५०५ येतो, मायएसक्यूएलमध्ये एरर १०६२. फक्त तेवढंच पकडा, बाकीच्या एरर वर जाऊ द्या. रद्द झालेल्या ओळी त्याच तक्त्यात राहणार असतील तर त्या पुन्हा विक्रीला आडव्या येतील. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्सला 'रद्द नसलेल्या ओळींपुरता' अशी अट घालता येते. मायएसक्यूएलमध्ये तशी सोय नाही, तिथे रद्द ओळी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वेगळ्या तक्त्यात हलवा.